धैवत कोमल की शुद्ध? पानशेतवरच्या एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत

प्रकरण एका मराठी चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं आहे. विषय पानशेतचा पूर, म्हणजे धरण फुटून पुण्यात शिरलेलं पाणी; गोष्ट पुण्यातली, चित्रीकरणही बरंचसं इथलंच. नावं गाळली आहेत, कारण यातले सगळे अजून एकमेकांबरोबर काम करतात. माझ्याकडे अरेंजिंग होतं. संगीतकाराने पेटीवर किंवा कीबोर्डवर जे बांधलं असेल ते वाद्यवृंदासाठी लिहून काढायचं, कोणता स्वर कोणत्या वाद्याने धरायचा ते ठरवायचं आणि सेशनला कानात हेडफोन घालून बसायचं. मी आलो तेव्हा एक आख्खं पार्श्वसंगीत तयार होतं, सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वाद्यांचे आधीच मुद्रित केलेले सूर संगणकावर वापरून, वाजवून चित्रावर बसवलेलंही होतं. दिग्दर्शकाला ते नको होतं. काय नको ते मात्र त्याला सांगता येईना. "चांगलं आहे हो, पण..." यापुढे गाडी सरकत नव्हती.

गोष्ट थोडक्यात अशी. नारायण पेठेतला वाडा, विधवा आई, दोन मुलगे. थोरला छापखान्यात खिळे जुळवतो, धाकटा शाळेत. १२ जुलै १९६१, बुधवार. पाणी चढतंय म्हणून सगळं गाव नदीकडे बघायला निघालेलं. हे दोघेही सायकलवर डबलसीट लकडी पुलाकडे जातात. तासाभरात पाणी पेठेत शिरतं. थोरला शेजारच्या म्हातारीला पाठीवर घेतो आणि धाकट्याला सांगतो, "तू माडीवर थांब, मी आलोच." वाडा मातीचा. तो कोसळतो, धाकट्यासकट. इथपर्यंत चित्रपटाची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं होतात. उरलेला सगळा भाग पुरानंतरच्या वर्षांचा: आधी निसेन हट, म्हणजे पत्र्याची अर्धगोल तात्पुरती घरं, मग गोखलेनगरची खोली, थोरल्याची सुटत गेलेली नोकरी, आणि आपण धाकट्याला काय सांगितलं होतं हे आईला सांगायची त्याची न होणारी हिंमत.

पूर ही या गोष्टीतली आपत्ती. शोकांतिका त्या "माडीवर थांब" मध्ये आहे. भल्या हेतूने, घाईत, चांगल्या माणसाने बोललेलं वाक्य. पहिल्या पार्श्वसंगीताची सगळी वाद्यं पुराकडे तोंड करून बसली होती. या वाक्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पहिली आवृत्ती

एकूण सत्तेचाळीस मिनिटं संगीत. श्रेयनामावलीपासूनच चेलो आणि डबल बास, संथ, जड. वरती व्हायोलिनची शिवरंजनी रागातली चाल. संगीतकार हिंदुस्थानी पद्धतीत शिकलेला, कान पक्का, चाल वाईट नव्हती. अडचण अशी की शिवरंजनीच्या कोमल, म्हणजे थोड्या उतरवलेल्या, गंधाराखाली पाश्चात्त्य मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे, उदास वाटणारे स्वर) ठेवला की हिंदी-मराठी प्रेक्षकाला साठ-सत्तर वर्षांचं रडणं एकदम आठवतं. रागाचा यात दोष नाही. इतक्या अंत्ययात्रा त्याच्या खांद्यावरून गेल्या आहेत की त्याला आता दुसरं काही बोलूच देत नाहीत. सारंगीचंही तेच झालं. कुणी मोठा नेता गेला की आकाशवाणी नेहमीचे कार्यक्रम थांबवून सारंगी लावायची; एका पिढीच्या कानात ती सुतकाचं वाद्य म्हणूनच राहिली. पहिल्या आवृत्तीत सारंगीसुद्धा होती. माडी कोसळल्यावर.

याचं मूळ मात्र संकलनाच्या खोलीत होतं. संकलकाने कापताना काहीतरी खाली हवं म्हणून सॅम्युअल बार्बर या अमेरिकन संगीतकाराचं तंतुवाद्यांसाठीचं अडाजिओ, म्हणजे संथ लयीची रचना, टाकून ठेवलं होतं. १९३६ ची रचना, डेव्हिड लिंचच्या 'द एलिफंट मॅन' मध्ये आणि पुढे 'प्लाटून' मध्ये वापरल्यापासून जगभरचे संकलक शोक दिसला की तिलाच हात घालतात. महिनोन्महिने ते ऐकत काप बसवले की प्रत्येक शॉटची लांबी त्या श्वासाने ठरते. मग संगीतकार येतो आणि त्याला सांगतात, असंच पण आपलं काहीतरी द्या. या टेम्प ट्रॅकच्या, म्हणजे तात्पुरत्या संगीताच्या, प्रेमात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकसारखा माणूस सापडला. '२००१: अ स्पेस ओडिसी' साठी संगीतकार ॲलेक्स नॉर्थने लिहिलेलं संगीत बाजूला पडलं आणि तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचना कायम राहिल्या. तिथे ते शोभलं. इथे शोभण्याचं कारण नव्हतं, कारण अडाजिओला पहिल्या स्वरापासून शेवट ठाऊक असतो.

हे मला तेव्हा इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. ते कळलं एका आजोबांमुळे. दिग्दर्शकाने पूर प्रत्यक्ष पाहिलेल्या काही मंडळींना कच्चा चित्रपट दाखवला. तपशील तपासायला: पाणी कुठवर आलं होतं, सायकलला कंदील कसला असायचा, वगैरे. खेळ संपल्यावर एक शनिवार पेठेतले आजोबा म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण त्या दिवशी सकाळी असं काही वाजत नव्हतं हो. आम्हाला काहीच कळलं नव्हतं."

यावर दिग्दर्शक हसला, सगळेच हसले. पुढचं सगळं काम मात्र त्या वाक्यावर झालं.

प्रेक्षकाला तारीख माहीत आहे

पुण्यात १२ जुलै १९६१ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. जुन्या पेठांत भिंतींवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा अजून आहेत. धरण वाचवायला आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते हे शाळकरी पोरंही ऐकून असतात. पडद्यावर तारीख उमटली की प्रेक्षक पात्रांच्या चार तास पुढे गेलेला असतो. अशा प्रेक्षकाला चेलोने काय सावध करायचं? जे तो जाणून आहे तेच त्याला पुन्हा सांगितलं की त्याचं जाणणं स्वस्त होतं.

म्हणून आम्ही एक नियम केला, आणि तो पाळताना पुढे बरीच भांडणं झाली: वाद्यवृंदाला थोरल्यापेक्षा जास्त काही माहीत असता कामा नये. थोरला खूश तर वाद्यवृंद खूश. थोरल्याला घाई तर त्यालाही घाई. थोरल्याला पुढचं दिसत नसेल तर बासरी, बास, कुणालाच दिसता कामा नये.

या नियमाने सर्वांत आधी श्रेयनामावलीचं संगीत गेलं. त्याऐवजी चित्रपटातलं सर्वांत भरदार, सर्वांत खेळकर संगीत आम्ही त्या सकाळी ठेवलं. सायकलवर दोन भाऊ, तीन मिनिटांचा प्रसंग, पूर्ण वाद्यवृंद, बारा-आठची, म्हणजे तीन-तीनच्या गटांनी चालणारी, झुलती लय. निर्माते ऐकून गप्पच झाले. मग म्हणाले, "अहो, मुलगा मरणार आहे तासाभरात." बरोबर. ते आपल्याला माहीत आहे, मुलाला नाही. ते भरदार संगीत जितकं निष्पाप वाजेल तितकं बघणाऱ्याचं जड होतं. आणि ते जडपण त्याचं स्वतःचं असतं, आम्ही वाजवून दिलेलं नसतं.

शीळ

शिवरंजनी गेल्यावर चाल कुठून आणायची? पटकथेत एक छोटी गोष्ट होती. दोघं भाऊ वाड्याच्या चौकातून एकमेकांना शीळ घालून हाक मारतात. थोरल्याची हाक, धाकट्याचं उत्तर. चित्रीकरणात नटांनी आपापल्या मनाने काहीतरी घातली होती, आणि थोरल्याची शीळ योगायोगाने सा वरून म वर जात होती. संगीतकाराने तीच धरली. उत्तर त्याने प वरून ग वर उतरतं केलं. लांबून हाक मारताना मुलं आपसूक घेतात तेच हे अंतर. "ए आऽई" म्हणून पाहा.

सा म, प ग. चारही शुद्ध. तिलंग रागाची चाहूल लागते, पण निषाद (नी) येतच नाही, त्यामुळे राग बनत नाही. संगीतकाराला आधी हे फारच कमी वाटलं. "एवढ्यावर दीड तास?" मला वाद्यवृंदासाठी हेच सोयीचं होतं. लांबलचक मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी, चाल सोळा व्हायोलिननी एकत्र वाजवली की प्रत्येकाची मींड वेगळ्या वेगाने जाते आणि सगळं चिकट होतं; आपले जुने अरेंजर हे जाणून होते, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या मंडळींनी गाण्यांना व्हायोलिनचे ताफे दिले तेव्हा गायकाची मींड गायकाकडेच ठेवली आणि व्हायोलिनांना उत्तरं, पळत्या ओळी, लांब धरलेले स्वर दिले. दोन स्वरांची हाक मात्र कुणालाही देता येते. आम्ही थोरल्याची हाक व्हिओलाला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या आवाजाच्या भावंडाला, दिली. तो आवाज पुरुषी आहे आणि थोडा नाकातला, चेलोइतका रुबाबदार नाही. धाकट्याचं उत्तर क्लॅरिनेटला.

पुरानंतर व्हिओला हाक मारतो. उत्तराच्या जागी तेवढीच रिकामी जागा. बाकीची तंतुवाद्यं साथीचा आकृतिबंध वाजवत राहतात, जसा सायकलच्या प्रसंगात होता तसाच, फक्त क्लॅरिनेट नाही. मध्यांतरानंतरच्या संपूर्ण भागात क्लॅरिनेटचा एक स्वरही नाही.

धैवत

इथे खरं भांडण झालं, आणि या प्रकरणात शिकण्यासारखं जे काही आहे ते मला इथेच दिसतं.

सा आणि म या दोन स्वरांना तिसरा सोबती लागतो, तरच कॉर्ड पुरा होतो. तो म्हणजे धैवत (ध). खाली शुद्ध धैवत ठेवला तर मेजर, उजळ. कोमल धैवत ठेवला तर मायनर, काळवंडलेला. सा काळी एक असो की पांढरी चार, हिशेब तोच. सकाळच्या प्रसंगात शुद्ध धैवत होता. संगीतकाराची कल्पना अशी की पुरानंतर हाक तीच ठेवायची आणि खालचा फक्त धैवत कोमल करायचा. चाल तीच, जग बदललेलं. कागदावर हे फार देखणं आहे. परीक्षेला आलं तर पैकीच्या पैकी गुण मिळावेत.

मी म्हटलं, धैवतच काढा.

संगीतकार चिडला. "म्हणजे निर्णयच घ्यायचा नाही?" दिग्दर्शकालाही आधी कोमल धैवतच आवडला होता, कारण तो ऐकताक्षणी कळतो. माझं म्हणणं असं की थोरल्याला अजून शोक करता आलेला नाही. निसेन हटमधल्या सगळ्या प्रसंगांत तो काम शोधतो, रॉकेल आणतो, आईची औषधं आणतो. रडत नाही, कारण रडायला बसलं की ते वाक्य तोंडून निघेल. कोमल धैवत वाजला की त्याच्या वतीने आम्ही रडून मोकळे झालो. मग शेवटी आईसमोर त्याने काय करायचं? नियम तोच: त्याच्याआधी वाद्यवृंदाने पोहोचायचं नाही. नुसते सा आणि म लांब धरले, बिनकंपाचे, तारांवर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) चढवून, की कान आपणहून तिसरा स्वर शोधत राहतो. कुणाला शुद्ध ऐकू येतो, कुणाला कोमल.

तोडगा वादाने निघाला नाही, तिन्ही प्रकार चित्रावर लावून बघितल्यावर निघाला. रॉकेलच्या रांगेचा एकच प्रसंग. शुद्ध धैवताने तो आठवणीतला वाटला, कोमलने दुःखी, धैवताविना कसा वाटला हे कुणाला पटकन सांगता येईना. दिग्दर्शकाने तोच निवडला. संगीतकाराने एक अट घातली: संपूर्ण चित्रपटात एकदाच, एकाच ठिकाणी कोमल धैवत येईल आणि ती जागा तो ठरवेल. मान्य झालं.

पाणी

निर्मात्यांचं म्हणणं स्वाभाविक होतं: पैसे मोजून ऑर्केस्ट्रा घेतो आहोत, तर तो पुरात नको का? २०१६ च्या 'सैराट' साठी संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हापासून मराठी निर्मात्याला ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पण तो ऐकूही आला पाहिजे, ही अपेक्षा त्याबरोबरच आली. आणि त्याच चित्रपटाचा शेवट नि:शब्द शांततेत होतो, हे सोयीस्कर विसरलं जातं.

तत्त्वाची चर्चा बाजूला ठेवू. व्यवहाराचं उत्तर पुरेसं होतं. पुराचा आवाज हा एकाच वेळी सगळीकडे पसरलेला असतो: खालचा घोंघाट, मधला खळखळाट, वर फेस. डबल बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, टिंपनी (मोठे नगारे) आणि ट्रॉम्बोनही त्याच शेजारात. तिथे आधीच पाणी बसलेलं आहे. वाद्यं ऐकू यावीत म्हणून पाणी खाली आणलं तर पूर नळाएवढा होतो; पाणी ठेवलं तर वाद्यं नुसतीच घोंघाट वाढवतात, सूर कळत नाही. मधल्या पट्टीत माणसं ओरडताहेत, तिथे तर कुणीच जाऊ नये. उरतात ती वरची पातळ व्हायोलिनं, म्हणजे भयपट.

ध्वनिसंयोजकाने तेव्हा 'कुंकू'चा दाखला दिला. १९३७ साली प्रभातने, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात, शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली केलेला चित्रपट. केशवराव भोळ्यांचं संगीत, गाणी आहेत, पण प्रसंगांखाली पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, घरातले, रस्त्यावरचे आवाजच ते काम करतात. आणि तोही शोकांत. लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला ही परंपरा परदेशातून शिकावी लागू नये. पुराची सात मिनिटं आम्ही ध्वनिसंयोजकाला देऊन टाकली. एक अपवाद सोडून, त्याकडे येतो.

सेशन

दुसऱ्या आवृत्तीत सव्वीस मिनिटं संगीत उरलं. सत्तेचाळीस मिनिटं सॅम्पलवर करायची की सव्वीस मिनिटं माणसांकडून वाजवून घ्यायची, हा हिशेब आता जमण्यासारखा होता. तीन तासांच्या एका सत्रात फार अवघड नसलेलं दहा ते पंधरा मिनिटांचं संगीत नीट वाजवून होतं. म्हणजे दोन सत्रं. पुण्यात चांगले व्हायोलिनवादक आहेत, पण तालमीशिवाय कागदावरून एकत्र वाजवणारा व्हिओला-चेलोंचा पूर्ण ताफा एका दिवसासाठी उभा करणं कठीण. शेवटी बुडापेस्टचा वाद्यवृंद ठरला. सव्वीस तंतुवाद्यं, दोन क्लॅरिनेट, एक ओबो, दोन हॉर्न. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे असतात, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपलं जेवून झालेलं. आम्ही इथल्या स्टुडिओत बसून ऐकायचं आणि मधल्या माणसामार्फत बोलायचं.

सॅम्पल का नको, याचं एकच उत्तर मला देता येतं. सॅम्पलमधला लांब धरलेला स्वर सुंदर असतो आणि सुंदरच राहतो. बिनकंपाचा सा आठ सेकंद धरायला सांगितलेल्या माणसाच्या गजाला मधेच शंका येते. धैवत काढून टाकल्यावर आमच्याकडे त्या शंकेशिवाय होतंच काय?

सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचं काम पहिल्या सत्रात संपवून त्यांना मोकळं करायचं ठरवलं होतं, खर्चासाठी. दुसऱ्या सत्रात पुरानंतरच्या रचना. कंडक्टरने पानं उलटली, क्लॅरिनेटच्या ओळीत नुसते विश्राम पाहिले आणि विचारलं, छपाईत काही राहून गेलंय का? वादकांना गोष्ट थोडक्यात सांगितली गेली. नंतरच्या टेकमध्ये हाकेनंतरच्या रिकाम्या बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) साथीची वाद्यं किंचित दबली. ते आम्ही लिहिलेलं नव्हतं. ठेवलं.

त्या रिकाम्या बारने नंतर आणखी ताप दिला. लय ६०, म्हणजे मिनिटाला साठ मात्रा; सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रपटात एक मात्रा बरोबर २४ फ्रेमची आणि चार मात्रांचा बार ९६ फ्रेमचा. सेशनच्या आठवडाभर आधी संकलकाने त्या प्रसंगातून ४० फ्रेम काढल्या. तेवढी जागा रिकाम्या बारमधून कापणं सोपं, तिथे काही वाजतच नाही! पण मग उत्तराची वाट पाहायची जागाच निम्म्यावर येते, आणि पुढची हाक अधीर वाटते. आम्ही त्या ४० फ्रेम आधीच्या-नंतरच्या मिळून दहा बारांवर वाटून टाकल्या. लय ६० वरून ६२.६ झाली, प्रत्येक बार चार फ्रेमने आखूड. कानाला कळत नाही. मिक्सिंगच्या वेळी याच जागेत कुणीतरी पावसाचे थेंब भरून ठेवले होते, फार सुरेख थेंब. काढायला लावले. चांगला ध्वनिसंयोजक पोकळी पाहून अस्वस्थ होतो. तो त्याच्या व्यवसायाचा गुण आहे.

आईचा प्रश्न

शेवटचा प्रसंग. गोखलेनगरची खोली, बरीच वर्षं उलटलेली. आई तांदूळ निवडता निवडता विचारते, "तू त्याला काय सांगितलं होतंस रे?" थोरला सांगतो. चारच शब्द.

संगीत कुठे सुरू करायचं? प्रश्नावर, उत्तरावर, की उत्तरानंतर? दिग्दर्शकाला प्रश्न आणि उत्तराच्या मधला अवकाश हवा होता, कारण तिथे नटाचा चेहरा विलक्षण आहे. नेमकं म्हणूनच तिथे नको. नटाने जी जागा कमावली आहे तिच्यात शिरायचं नसतं. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' मध्ये याच्या उलट केलं, हे संगीतकाराने काढलं, आणि ते काढणं रास्त होतं: दुर्गा गेल्याचं हरिहरला कळतं तेव्हा सर्वजयेचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई, एक गजाने वाजवायचं वाद्य, किंचाळते. पण तिथे वाद्य आवाजाच्या सोबत येत नाही, त्याची जागा घेतं. दोन्ही एकाच वेळी असते तर ते दृश्य आज कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. आमच्या प्रसंगात आवाज काढून टाकणं शक्यच नव्हतं, कारण ते चार शब्द ऐकायला तर प्रेक्षक दीड तास बसला आहे.

शेवटी उत्तरानंतर आई काही बोलत नाही, उठते, तांदूळ धुवायला घेते, त्या उठण्यावर तंतुवाद्यं आली. वाजतं ते सकाळच्या सायकलचंच, निम्म्या लयीत, फक्त साथ. उत्तर तर नाहीच, आता हाकही नाही. आणि दुसऱ्या चेलोंकडे, सतराव्या बारला, कोमल धैवत. संगीतकाराने आपली एक जागा इथे वापरली. मला आधी वाटलं होतं की तो माडी कोसळल्यानंतरच्या पहिल्याच प्रसंगात ती खर्च करून टाकेल. त्याने ती जपून ठेवली, आणि थोरला तिथे पोहोचल्यावरच दिली. या निर्णयात माझा काही वाटा नाही, आणि संपूर्ण पार्श्वसंगीतात हा सर्वांत चांगला निर्णय आहे.

शेवटच्या श्रेयनामावलीवर गाणं आहे. वितरकांना हवं होतं. ठीक आहे.

दूरचित्रवाणी आणि ढोल

चित्रपटगृहात हे सगळं जसं वाजतं तसं घरच्या संचावर वाजत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर बिनकंपाचे मंद सूर जवळजवळ नाहीसे होतात आणि रिकामा बार म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटून लोक आवाज वाढवतात. घरच्यासाठी वेगळं मिक्स करून घेतलं, त्यात म्यूट केलेली व्हायोलिनं थोडी वर आणि व्हिओला बरीच वर. ज्यांना पार्श्वसंगीत करायचं आहे त्यांनी या दुसऱ्या मिक्सचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात लिहावेत. नंतर कुणी देत नाही.

आता तो अपवाद. माडी कोसळते त्या क्षणी मोठ्या ढोलाचा, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या बेस ड्रमचा, एक लांब घुमारा आहे. पुराच्या सात मिनिटांत तेवढंच संगीत. दिग्दर्शकाचं म्हणणं: भिंत बसल्याचा खरा आवाज मातीचा, दबका, फुसका असतो, पडद्यावर तो खोटा वाटतो, प्रेक्षकाला कळत नाही की सगळं संपलं. माझं म्हणणं: थोरल्यालाही त्या क्षणी कळलेलं नाही. तो पुढच्या गल्लीत आहे, पाठीवर म्हातारी आहे, त्याला तो आवाज ऐकूसुद्धा आलेला नाही. मग वाद्यवृंदाला कसा आला? संगीतकार दिग्दर्शकाच्या बाजूचा. ध्वनिसंयोजक माझ्या बाजूचा, पण त्याच्या आधीच्या सात मिनिटांबद्दल तो इतका खूश की भांडला नाही. ढोल राहिला. पेठेतल्या त्या आजोबांनी तयार चित्रपट पाहिला तेव्हा मी त्यांना मुद्दाम ढोलाबद्दल विचारलं. त्यांच्या तो लक्षातच आला नव्हता. दिग्दर्शक म्हणतो की यावरून तो बरोबर ठरतो; मी म्हणतो, लक्षात येत नसेल तर काढून टाका. पुढच्या चित्रपटासाठी त्याने मला पुन्हा बोलावलं आहे आणि कराराच्या कागदावर हाताने लिहून ठेवलं आहे की ढोलाचा निर्णय दिग्दर्शकाचा राहील.